यंत्र नाही म्हणते तेव्हा हो म्हणणारा माणूस हवा: गोव्याच्या चाळीस आमदारांना खुले पत्र

गोवा विधानसभेच्या सर्व चाळीस सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी सत्तरी तालुक्यातला. सगळी नोकरी टपाल खात्यात गेली, आता निवृत्त आहे. पक्ष आणि मतदारसंघ बाजूला ठेवून तुम्हा चाळीसही जणांना एकच पत्र लिहितो आहे. मला जे मागायचे आहे ते कायद्यानेच होण्यासारखे आहे, आणि कायदा करणे तुमच्या हातात आहे.

मागणे एवढेच. अनुदान असो, पेन्शन असो, रेशन असो की एखादा दाखला, यंत्राने माणसाला ओळखले नाही तर त्याच टेबलावर आणि त्याच दिवशी त्याला ओळखून 'हो' म्हणणारा माणूस बसलेला असला पाहिजे. त्याचा हा अधिकार कायद्यात लिहिलेला असला पाहिजे. पूर्वी असा माणूस आपल्या कारभारात होता. गेल्या काही वर्षांत तो हळूहळू नाहीसा झाला आणि सभागृहात त्याच्यावर कधी चर्चा झाल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भारतात मनिऑर्डर सुरू झाली १८८० साली. आपल्याकडे भारतीय टपाल आले ते मुक्तीनंतर, आणि त्याबरोबर मनिऑर्डरचे नियमही आले. त्यातला एक नियम मी नोकरीभर पाळला आणि पाळून घेतला. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला पैसे देताना त्याचा अंगठा घ्यायचा, आणि अंगठ्याशेजारी त्याला ओळखणाऱ्या साक्षीदाराची सही घ्यायची. तो अंगठा आम्ही कशाशीही ताडून बघत नव्हतो. पोस्टमनच्या पिशवीत कुठला ठशांचा संग्रह असणार? निळ्या शाईच्या त्या डागाला वजन यायचे ते शेजारच्या सहीमुळे. ही अमक्याची बायको, हिला मी ओळखतो, असे गावातला कुणीतरी स्वतःच्या नावानिशी लिहून देत असे. उद्या ते खोटे निघाले तर जाब त्यालाही द्यावा लागे.

ह्या पद्धतीत लबाडी होत नव्हती असे मी मुळीच म्हणणार नाही. मेलेल्यांच्या नावाने पैसे उचलले गेले, साक्षीदार फितवले गेले, काउंटरमागे बसलेल्यांनी गोरगरिबांना खेपा घालायला लावून चहापाणी उकळले. पैसे थेट बँकेच्या खात्यात जमा होऊ लागले तेव्हा मधल्या मध्ये हातांना चिकटणारी रक्कम थांबली, आणि ह्याचे श्रेय यंत्राला द्यायलाच हवे. वाळपईच्या बाजारात मासळी विकणारी बाई आज मोबाईलवर पैसे घेते, सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, ह्याचा मला आनंदच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. यंत्र आणताना आपण साक्षीदाराला काढून टाकले. अंगठा राहिला, त्याच्या शेजारची सही गेली. आता अंगठा एकटाच यंत्रापुढे ठेवायचा, आणि यंत्राने तो मानला नाही तर त्याच्या बाजूने बोलणारे कुणीच नाही.

काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्या बायकांचे हात तुम्ही जवळून पाहिले आहेत का? गोव्याच्या काजूगराचे कौतुक आपण सगळेच करतो. पाहुण्यांना पाकिटे बांधून देतो. बी वाफवून झाली की ती एकेक करून हाता-पायाने चालणाऱ्या कातरीवर फोडावी लागते. टरफलाच्या दोन पदरांमध्ये दाट, तांबूस-काळा चीक असतो. त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल असते आणि ते कातडीला लागले की भाजते. फोड येतात, साल निघते, नवी कातडी येते, तीही जाते. बायका हाताला राख लावतात, तेल चोळतात. हातमोजे घातले की बी बोटांत नीट धरता येत नाही, गर तुटतो, आणि मजुरी किती गर निघाले त्याच्या वजनावर. मग हातमोजे कोण घालणार? अशी वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या बाईची बोटे उलटी करून बघा. पेरे काळपट आणि गुळगुळीत असतात. ज्या रेषांवर यंत्राचा सगळा भरवसा, त्या रेषा तिथे नसतातच.

आमच्या वाड्यावरची एक मावशी अशीच. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. तिचे महिन्याचे पैसे एकदम यायचे बंद झाले, म्हणून मी तिच्याबरोबर एका बँकेच्या शाखेत गेलो. तिथे कळले की केवायसी राहिली आहे, अंगठा द्यावा लागेल. यंत्रावर बोट ठेवले, लाल दिवा लागला. दुसरे बोट, पुन्हा लाल. काउंटरवरच्या मुलाने तिची बोटे ओल्या रुमालाने पुसली, मग कोरडी केली, स्वतःच्या हाताने धरून काचेवर दाबली. दहाही बोटे झाली. कुणीतरी मागून सुचवले की लिंबू चोळून आण. मग चेहऱ्यावरून ओळख पटवायचे ठरले. मोबाईल समोर धरून तो तिला म्हणाला, 'मावशे, डोळे उघड, मीट, परत उघड.' तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आणि दुसऱ्याला पाणी येते. पडद्यावरचा गोल काही हिरवा झाला नाही.

आता ह्यातली मुद्द्याची गोष्ट सांगतो. तो मुलगा तिला ओळखत होता. त्याची आई आणि मावशी एकाच कारखान्यात शेजारी-शेजारी बसून बी फोडायच्या. लहानपणी तो त्यांच्यामागे तिथे खेळलेला. तो म्हणाला, 'मावशे, तू कोण ते मला ठाऊक आहे गे. पण सिस्टम घेत नाही.' त्याच्या तोंडावर ओशाळेपण स्पष्ट दिसत होते. त्याला तिची अडवणूक करायची नव्हती आणि त्याने पैसेही मागितले नव्हते. समोरची बाई कोण आहे हे निश्चित ठाऊक असलेला एक माणूस त्या खोलीत होता, आणि त्याच्या ठाऊक असण्याला काडीची किंमत नव्हती.

आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने देऊन या, असे सांगून त्यांनी तिला परत पाठवले. केंद्रावरही बोटे तीच. पुढे बऱ्याच हेलपाट्यांनंतर वरच्या एका अधिकाऱ्याने कागद मागवले, शेजाऱ्यांचा जबाब घेतला आणि सही केली, तेव्हा पैसे पुन्हा सुरू झाले. म्हणजे शेवटी काम झाले ते साक्षीदारानेच. फक्त तोवर कित्येक महिने तिने दुकानदाराकडे उधारी केली आणि रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली. परत येताना बसमध्ये तिने मला विचारले, 'काम केले म्हणूनच बोटे गेली ना बाबा?' मी काय उत्तर देणार होतो?

तुम्ही म्हणाल, अशा माणसांसाठी सोय आहे. आहे, मलाही ठाऊक आहे. ओळख पटली नाही म्हणून कुणाला रेशन किंवा लाभ नाकारू नका, दुसऱ्या मार्गाने खात्री करा आणि वहीत नोंद ठेवा, असे आधार प्राधिकरणाचे परिपत्रक २४ ऑक्टोबर २०१७ चे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायदा बहुतांशी उचलून धरला, पण ठसे जुळले नाहीत म्हणून पात्र माणसाला वंचित ठेवले जाणार नाही, हे सरकारचे आश्वासनही नोंदवून घेतले. आणि ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन नागरिकांनी दाद मागितली होती की केवायसी करताना डोळे मिचकावा म्हणतात, ते आम्ही कसे करायचे? डिजिटल सेवा प्रत्येकाला वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि केवायसीच्या पद्धती बदलण्याचे आदेश दिले. पाणावलेल्या डोळ्यांच्या आमच्या मावशीलाही तो निकाल लागू पडावा, असे मला वाटते.

मग काउंटरवर हे का पोचत नाही? चाळीस वर्षे काउंटर जवळून पाहिलेला माणूस म्हणून ह्याचे उत्तर मी देऊ शकतो. यंत्राने 'नाही' म्हटले तर त्याबद्दल कुणालाही जाब विचारला जात नाही. माणसाने 'हो' म्हटले आणि उद्या ऑडिटला शंका आली तर मेमो त्याच्या नावाने निघतो. पगारावर घर चालवणारा कारकून मग काय करील? तो पडद्याकडे बोट दाखवील. मी त्याला दोष देत नाही. परिपत्रके सोय करतात, पण ती सोय वापरणाऱ्याला संरक्षण देत नाहीत. म्हणून ती फाइलीत पडून राहतात.

यंत्राचा शब्द शेवटचा मानला की काय होते, ह्याचे सगळ्यात भयंकर उदाहरण माझ्याच व्यवसायातले आहे, ब्रिटनच्या टपालातले. तिथे १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसवली गेली, फुजित्सू कंपनीची. गावोगावी लहान टपाल कार्यालये चालवणारे सब-पोस्टमास्तर रोजचा हिशेब तिच्यात करू लागले. प्रणालीत चुका होत्या, त्यामुळे रोकड बरोबर असूनही पडद्यावर तूट दिसायची. मदतीसाठी फोन केला तर अनेकांना सांगण्यात आले की असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे, बाकी कुणाची तक्रार नाही. करार असा की तूट पोस्टमास्तरने भरून द्यायची. लोकांनी घरे गहाण टाकली, नातेवाइकांकडून उसने घेतले, आणि तरीही नऊशेहून अधिक जणांवर चोरी, अफरातफर आणि खोट्या हिशेबाचे गुन्हे शाबीत झाले. त्यांत भारतीय वंशाची माणसे बरीच होती. एका बाईला २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात धाडले.

मी रोकड मोजलेला माणूस आहे. संध्याकाळी हिशेब जुळला नाही की पोटात कसा गोळा येतो ते मला माहीत आहे. पण आमच्याकडे तेव्हा वही होती. मागे जाऊन, एकेक पावती काढून, चूक कुठे झाली ते शोधता येत असे, आणि बहुतेक वेळा ती सापडत असे. त्या बिचाऱ्यांना प्रणालीच्या आत बघताच येत नव्हते, आणि न्यायालयात संगणक बरोबर आहे असे धरून चालायचे, हा तिथल्या कायद्याचा दंडक होता. चूक आहे हे सिद्ध करायचे ओझे आरोपीवर. अ‍ॅलन बेट्स नावाच्या वेल्समधल्या एका सब-पोस्टमास्तराने हार मानली नाही, शेकडो जणांना एकत्र आणले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचा निवाडा दिला. मे २०२४ मध्ये पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. जुलै २०२५ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाच्या पहिल्या भागात म्हटले आहे की ह्या प्रकरणापायी किमान १३ जणांनी आत्महत्या केली असावी. पहिल्या चुकीपासून पार्लमेंटच्या कायद्यापर्यंत पंचवीस वर्षे गेली, आणि तेही जगातल्या एका जुन्या, मुरलेल्या लोकशाहीत.

आपल्या देशात असे होत नाही असे समजू नका. हरयाणात रोहतक जिल्ह्यातल्या १०२ वर्षांच्या एका आजोबांना सरकारी नोंदीत मृत दाखवून त्यांची पेन्शन बंद केली. कागद दाखवून काही झाले नाही, तेव्हा २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी गळ्यात नोटांचा हार घालून, बँडबाजा लावून स्वतःची वरात काढली, मी जिवंत आहे हे सांगायला. बातमी देशभर पसरली, लोक हसले. मला हसू आले नाही. ज्याच्याकडे बँड लावायची हिंमत आणि पाठीशी माणसे नाहीत, तो मेलेलाच राहतो. तेलंगणात सुमारे १९ लाख शिधापत्रिका संगणकाच्या छाननीवरून रद्द झाल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, तेव्हा २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की घरोघरी जाऊन प्रत्यक्ष पडताळणी करा. म्हणजे जे आधी करायचे ते नंतर.

आता तर अर्जांची छाननी, पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरवणे कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवण्याची भाषा सगळीकडे चालू आहे. बोटांचे यंत्र निदान एवढे तरी सांगते की ठसा जुळला नाही. हजारो नोंदींवरून आडाखा बांधणारी प्रणाली 'अपात्र' एवढेच सांगेल, आणि का, ते ती बनवणाऱ्यालाही नीट सांगता येणार नाही. कारण माहीत नसेल तर अपील कशावर करायचे? म्हणून हा कायदा आत्ता व्हायला हवा, त्या प्रणाली कार्यालयांत येऊन बसण्याच्या आधी.

गोवा लहान आहे, शिकलेला आहे, इथे अडचण कसली, असे पणजीत बसून वाटू शकते. २०२० मध्ये शाळा बंद होऊन मोबाईलवर आल्या तेव्हा सत्तरी आणि सांगे तालुक्यातली मुले रेंजसाठी पुस्तके घेऊन डोंगरावर चढत होती, पावसात, छत्री धरून. त्यातल्या काही ठिकाणी परिस्थिती सुधारली, काही ठिकाणी नाही. जूनचा वारा सुटला, झाड तारेवर पडले की आमच्या भागात वीज जाते, आणि विजेबरोबर सर्व्हरही जातो. 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' हे शहरातल्या माणसासाठी गैरसोयीचे असते. ज्या गावात बस सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येते, तिथल्या बाईचा त्यात एक अख्खा दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते.

भाषेचेही सांगितले पाहिजे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी आपली राजभाषा आहे आणि मराठीचाही सरकारी कामात वापर करण्याची तरतूद आहे. पण मावशीच्या फोनवर पैसे थांबणार असल्याचा संदेश आला होता तो इंग्रजीत. तिने तो कुणाला दाखवला नाही, कारण पोलीस सांगतात की केवायसीचा संदेश आला तर दाबू नका, ठक असतात. खरा संदेश आणि ठकाचा संदेश एकाच भाषेत, एकाच फोनवर, एकाच घाईने येत असेल तर तिने कशावरून ओळखावे? पूर्वी सरकारचे पत्र पोस्टमन आणून देत असे आणि नाही समजले तर उंबऱ्यावर उभा राहून वाचून दाखवत असे.

कुणी म्हणेल, म्हातारा यंत्राला घाबरतो. मी त्याच पोस्टमनचे उदाहरण देतो. टपाल खात्याची पेमेंट्स बँक २०१८ मध्ये सुरू झाली. त्यानंतर पोस्टमन यंत्र घेऊन घरोघरी जाऊ लागले. अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनरचा हयातीचा दाखला त्याच्या खाटेशी बसून करून देऊ लागले. ते तंत्रज्ञानच आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. तिथे यंत्र माणसाच्या हातात असते आणि तो माणूस दारात येतो. आपण जे रुजवतो आहोत त्यात माणसाला यंत्राच्या दारात उभे केले जाते.

यंत्राला मर्यादा घालणे ह्या सभागृहाला नवीनही नाही. साठ-सत्तरच्या दशकांत ट्रॉलर आले, सरकारी मदतीने आले, आणि प्रगती म्हणूनच आले. ते किनाऱ्याला लागून मासळी ओढू लागले आणि रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने ओढायच्या जाळ्यावर, जगणाऱ्या शेकडो कुटुंबांच्या जाळ्यात काही पडेनासे झाले. रापणकार रस्त्यावर उतरले, माथानी साल्ढाणांसारखे मच्छीमारांचे नेते त्यांच्याबरोबर उभे राहिले. ट्रॉलर बुडवा अशी त्यांची मागणी नव्हती. किनाऱ्यालगतचा पट्टा आमच्यासाठी राखा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत ट्रॉलरना बंदी आली. त्या बंदीची अंमलबजावणी किती होते हे मच्छीमारांना विचारले तर ते चिडून बोलतील, आणि त्यांचे चिडणे योग्य आहे. पुढे एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी ओढून घेणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली तरी तिच्याविरुद्धही आंदोलने करावीच लागतात. पण यंत्र इथपर्यंतच, ह्याच्या आत माणसाचा हक्क, अशी रेषा गोव्याने कायद्यात एकदा आखलेली आहे. मला तशीच रेषा सरकारी काउंटरवर हवी आहे.

त्यासाठी नवा डोलारा उभारायला नको. नागरिकांना ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदा गोव्याने २०१३ मध्ये केलेला आहे. त्यात दुरुस्ती करा. 'प्रणालीने स्वीकारले नाही' हे नकाराचे कारण म्हणून चालणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहा. प्रत्येक नकार लेखी असावा, कोकणीत किंवा मराठीत असावा, त्यावर कारण असावे आणि खाली एका अधिकाऱ्याचे नाव व सही असावी. ठसा किंवा चेहरा जुळला नाही तर दोन साक्षीदारांच्या सहीवर त्याच दिवशी काम व्हावे. साक्षीदार कोण चालतील हेही ठरवून टाका: पंचायतीचा सचिव, तलाठी, पोस्टमन, अंगणवाडी सेविका, शेजारी. गोव्यात १९१ पंचायती आहेत. वाड्यावरच्या माणसाला ओळखणारे कुणी सापडणार नाही असे एकही गाव मला ठाऊक नाही.

चालू असलेले पैसे थांबवायचे असतील तर आधी घरी पत्र जावे, म्हणणे ऐकून घ्यावे, आणि तोवर पैसे चालू राहावेत. मेलेला माणूस दोन महिने पैसे घेईल अशी भीती कुणाला वाटत असेल तर त्याने दुसऱ्या पारड्यात जिवंत माणसाचे उपाशी दोन महिने घालून बघावेत. गेलेले पैसे सरकार वसूल करू शकते.

आणि ज्या कारकुनाने साक्षीदार घेऊन, वहीत नोंद करून, सद्‌बुद्धीने 'हो' म्हटले, त्याच्यावर केवळ यंत्र नाही म्हणत होते म्हणून कारवाई होऊ नये. हे कलम सगळ्यांत महत्त्वाचे आहे. ते नसेल तर बाकीचे सगळे पुन्हा फाइलीत जाईल. बँकेतल्या त्या मुलासारखी माणसे राज्यभर बसलेली आहेत, त्यांना मदत करायची आहे, त्यांना फक्त कायद्याचा आधार द्या. बँका तुमच्या अखत्यारीत येत नाहीत हे मी जाणतो. पण अनुदान राज्याचे आहे, यादी राज्याची आहे, आणि त्या अनुदानासाठी ओळख कशी पटवून घ्यायची ह्याबद्दल राज्य बँकांशी बोलू शकते.

लबाडी परत येईल, अशी शंका खात्यातले लोक काढतील. थोडी येईलही. पण साक्षीदाराची लबाडी नावानिशी असते, सापडते, शिक्षा करता येते. यंत्राने एखाद्या म्हातारीला वगळले तर ती चूक कुणाच्याच नावावर नोंदली जात नाही.

देशाने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये केला. गोव्याने स्वतःचा १९९७ मध्येच केला होता. त्या वेळी आपण देशाच्या पुढे होतो. ह्या बाबतीतही इतर राज्यांची वाट बघत बसू नका.

दुरुस्ती यायला वेळ लागेल, पण एक गोष्ट येत्या अधिवेशनातही होऊ शकते. तुमच्यापैकी कुणीही, सत्ताधारी असो वा विरोधी, एक तारांकित प्रश्न विचारावा. गेल्या पाच वर्षांत दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आणि गृह आधार ह्या राज्याच्या मासिक मदतीच्या योजना आणि रेशन ह्यांमध्ये ठसे, चेहरा किंवा केवायसी न जुळल्यामुळे किती जणांचा लाभ थांबला, ह्याची तालुकावार यादी सभागृहाच्या पटलावर ठेवा. त्यातले किती जण नंतर खरे लाभार्थी ठरले, मधल्या काळातले पैसे त्यांना परत मिळाले का, आणि परिपत्रकाप्रमाणे नोंद ठेवायची ती वही किती कार्यालयांत आहे, हेही विचारा. उत्तर आले की ते मराठीत आणि कोकणीत प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सत्तरी तालुक्यातला एक निवृत्त टपाल कर्मचारी